प्रकल्प-आवश्यकतांची पडताळणी : ‘पूर्णता’ या निकषाची चिकित्सा

प्रस्तावना :
व्यवसाय-विश्लेषणाच्या क्षेत्रात इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस या संस्थेची ‘बॅबॉक’ ही मार्गदर्शिका प्रमाणभूत मानली जाते. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत आवश्यकतांची पडताळणी व वैधता-तपासणी ही दोन स्वतंत्र कार्ये सांगितली आहेत. आवश्यकता नीट मांडली आहे काय, हा पहिल्याचा प्रश्न. ती व्यवसायाच्या उद्दिष्टास उपकारक आहे काय, हा दुसऱ्याचा. प्रस्तुत लेखात या विभागणीची मर्यादा तपासली आहे.

विवेचन :
ही विभागणी निरर्थक नाही. ‘प्रणालीने तत्पर प्रतिसाद द्यावा’ हे विधान पडताळणीतच अडते. कारण तत्परतेचे मोजमाप त्यात नाही. अडचण ‘पूर्णता’ या निकषाची आहे. पुढील काम चालू राहील इतका तपशील असला की विधान पूर्ण, अशी मार्गदर्शिकेची भूमिका आहे. गृहीतकांचा विचार ती वैधता-तपासणीकडे सोपविते. परंतु तेथे अभिप्रेत असलेली गृहीतके मुख्यतः ग्राहकांच्या प्रतिसादाविषयीची व लाभाविषयीची आहेत. विधान ज्या परिस्थितीत खरे ठरते, त्या परिस्थितीची नोंद दोहोंच्या मधून निसटते.

क्षेत्र भिन्न असले तरी या संदर्भात एरियान-५ या युरोपीय प्रक्षेपकाचे उदाहरण उद्बोधक आहे. ४ जून १९९६ रोजी मुख्य इंजिन प्रज्वलित झाल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी त्याची दिशादर्शक यंत्रणा निकामी झाली व यान नष्ट झाले. एरियान-४ साठी लिहिलेली आज्ञावली त्यात कायम ठेवली होती. नव्या यानाचा आडवा वेग अधिक असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. धोका संभवणाऱ्या सात चलांपैकी चारांना संरक्षण होते, तिघांना नव्हते. झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने दाखवून दिले की, यंत्रणेच्या आवश्यकता-पत्रकात एरियान-५ च्या उड्डाणमार्गाची माहितीच नव्हती. जे लिहिलेच नव्हते, त्याची शब्दशुद्धी तपासून काय साधणार?

निष्कर्ष :
पडताळणी म्हणजे केवळ दस्तऐवजाचे शुद्धलेखन नव्हे. प्रत्येक आवश्यकतेसोबत ती कोणत्या परिस्थितीत लागू आहे याची नोंद अनिवार्य केल्याशिवाय ‘पूर्णता’ हा निकष पूर्ण होत नाही. जुनी आवश्यकता नव्या प्रकल्पात घेताना तर ही नोंद प्रथम तपासली पाहिजे. व्यवसाय-विश्लेषणाच्या अध्यापनातही विद्यार्थ्यांकडून निकषांच्या यादीवर केवळ खुणा करून न घेता, विधानामागे काय गृहीत धरले आहे हे लिहवून घेणे अधिक फलदायी ठरेल.