ग्रह कोणाला म्हणावे? एका व्याख्येची चिकित्सा

'सूर्यमालेत ग्रह किती?' हा आपल्या शाळांतला एका गुणाचा प्रश्न. २००६ पूर्वी त्याचे उत्तर नऊ होते, आता आठ आहे. आकडा बदलला, पण प्रश्न विचारण्याची आणि गुण देण्याची रीत जशीच्या तशी राहिली. आमची तक्रार त्या आकड्याबद्दल नाही. ज्या वाक्यामुळे तो बदलला, त्या वाक्याबद्दल आहे. प्लूटोला यादीतून काढले हे आमच्या मते योग्यच झाले. मात्र ज्या शब्दांत काढले ते शब्द कच्चे आहेत, आणि तेच आपण मुलांकडून पाठ करून घेतो.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठराव केला. ग्रह म्हणजे जो सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे जवळजवळ गोल झालेला असतो, आणि ज्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असतो, असा पिंड. मतदानात भाग घेणारे होते ४२४. 'विज्ञान मतदानाने ठरते काय?' असा सवाल तेव्हा केला गेला आणि अजूनही केला जातो. आम्हाला तो पटत नाही. प्लूटोचे वस्तुमान मताने ठरत नाही, पण कोणत्या शब्दाने काय समजायचे हे माणसांनी बसून ठरवावेच लागते. मीटर आणि किलोग्रॅमही असेच ठरले. आक्षेप घ्यायचा तर ठरवलेल्या मजकुरावर घ्यावा.

गोलाईची अट आधी पाहू. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते पाडणारा अशनी त्याहून कितीतरी लहान असणार. एवढ्याशा दगडाचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण असते की खडकाचे कंगोरे मोडून त्याला गोल करणे शक्य नाही. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा सेरेस मात्र गोल आहे. मग गोल होण्याची सीमारेषा कोठे आहे? शनीचा बर्फाळ चंद्र मिमास जेमतेम ४०० किलोमीटरचा असून गोल आहे, आणि त्याच्याहून मोठा, सव्वापाचशे किलोमीटरचा खडकाळ व्हेस्टा बेढब आहे. तेव्हा 'गोल तो ग्रह, एवढी सरळ व्याख्या का नको?' असे म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की ही अट वाटते तितकी सरळ नाही.

खरा वाद तिसऱ्या अटीवर आहे. 'परिसर मोकळा करणे' म्हणजे किती मोकळा? ठरावात एकही आकडा नाही. प्लूटोकडे गेलेल्या न्यू होरायझन्स मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न यांनी यावर बोट ठेवले: गुरूच्या कक्षेत ट्रोजन लघुग्रहांचे थवे आहेत, पृथ्वीच्या आसपासही लघुग्रह फिरतात, मग हे तरी ग्रह कसे? शब्दशः वाचले तर आक्षेप बिनतोड आहे. पण ट्रोजन लघुग्रह गुरूनेच आपल्या गुरुत्वाकर्षणाने त्या जागी बांधून ठेवले आहेत. ठरावकर्त्यांना 'मोकळा' नव्हे, तर 'ज्यावर वर्चस्व आहे असा' परिसर म्हणायचे होते. ते त्यांनी म्हटले नाही.

हा फरक समजून घ्यायला आमच्या देऊळघाटचे उदाहरण घेऊ. पैनगंगा इकडच्याच डोंगरांत उगम पावते. उगमाजवळचे तिचे लहानसे पात्र मुलांना दाखवून विचारावे, ही नदी की ओढा? रुंदी मोजून उत्तर मिळणार नाही. हे पाणी पुढे कोठे जाते, वाटेत कोणाकोणाचे पाणी पोटात घेते, हे पाहावे लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरून वाहत जाऊन ती वर्धेला मिळते, म्हणून इथल्या एवढ्याशा पात्रालाही आपण नदी म्हणतो. वस्तू स्वतः कशी आहे यावरून एक वर्गीकरण होते, भोवतालच्या व्यवस्थेत तिचे स्थान काय यावरून दुसरे. खडक आणि बर्फ अभ्यासणाऱ्या भूवैज्ञानिकाला पहिले सोयीचे, कक्षांचे गणित करणाऱ्याला दुसरे. प्लूटोचा वाद मुळात या दोन गरजांमधला आहे.

दुसऱ्या प्रकाराला आकड्यांचा आधार उत्तम मिळतो. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला: पिंडाचे वस्तुमान त्याच्या कक्षेच्या पट्ट्यातील इतर सर्व मालाच्या किती पट आहे? पृथ्वीसाठी उत्तर येते सुमारे १७ लाख पट. सेरेससाठी सुमारे एक तृतीयांश, प्लूटोसाठी एक दशांशाहूनही कमी. आठही ग्रह एका बाजूला हजारोंच्या पटीत, बाकीचे एकाच्याही खाली, मध्ये कोणी नाही. निसर्गाने इतकी रुंद दरी क्वचितच आखून दिलेली असते. गंमत म्हणजे स्वतः स्टर्न यांनीही २००० साली हॅरॉल्ड लेव्हिसन यांच्यासमवेत अशाच प्रकारचा हिशेब मांडला होता आणि त्यातही प्लूटो दरीच्या पलीकडेच पडला होता.

वर्चस्वाचे हे मर्म समजायला आपल्याकडची एक गोष्ट उपयोगी पडते. 'ज्योतिर्गणितम्'कार व्यंकटेश बापूजी केतकर पेशाने शिक्षक होते. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे भाकीत केले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचे अंतर ३९.५ पट, काल सुमारे २४८ वर्षे. त्याच वर्षी केतकर वारले. 'प्लूटोचे भाकीत मराठी माणसाने केले' हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. आम्ही ते जरा जपून सांगू. विष्णू त्या जागी सापडलेला नाही, आणि एक आकडा जुळण्यात योगायोगाचा वाटा असू शकतो. पण केतकरांची रीत पाहण्याजोगी आहे. गुरूच्या चंद्रांच्या गतींमध्ये लाप्लासला जो मेळ आढळला, तसाच मेळ बाहेरच्या ग्रहांत असावा, या धाग्यावरून ते गेले होते. मेळ खरोखरच आहे, वेगळ्या स्वरूपात. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन होतात. नेपच्यूनची १६४.८ वर्षे दीडपट करून पाहा. हा ताल नेपच्यूनने राखलेला आहे; त्यामुळेच प्लूटोची वाट नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येऊनही दोघांची कधी गाठ पडत नाही. जो दुसऱ्याच्या तालावर चालतो, त्याचे परिसरावर वर्चस्व कसले? मुलांना 'परिसर मोकळा' हे शब्द देण्याऐवजी हा गुणाकार द्यावा.

पहिल्या अटीतला दोष मात्र असा सावरून घेता येत नाही. 'सूर्याभोवती' असे लिहिल्यामुळे १९९५ मध्ये मेयर आणि क्वेलो यांनी शोधलेला ५१ पेगासी ताऱ्याचा सोबती या व्याख्येत बसत नाही. त्या शोधाला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि असे हजारो ग्रह आता माहीत आहेत. बहुसंख्य ग्रहांना बाहेर ठेवणारी ग्रहाची व्याख्या फार काळ टिकू नये. २०२४ मध्ये मार्गो, ग्लॅडमन आणि यांग यांनी वस्तुमानावर आधारलेला पर्याय सुचवला: कोणत्याही ताऱ्याभोवती फिरणारा, एकावर तेवीस शून्ये इतक्या किलोग्रॅमपेक्षा जड आणि गुरूच्या १३ पटींपेक्षा हलका तो ग्रह. बुध यात बसतो, प्लूटो बसत नाही. गोलाईची भानगडही उरत नाही. आम्हाला हा मजकूर २००६ च्या मजकुरापेक्षा पुष्कळ बरा वाटतो.

राहिला मराठी शब्द. ठरावाने प्लूटो, सेरेस, एरिस यांना वेगळ्या वर्गात घातले आणि तो वर्ग ग्रहांचा नव्हे असे बजावले. आपण त्याला 'बटुग्रह' म्हणतो. व्याकरणाच्या तासाला ज्या मुलाला कर्मधारय समास शिकवला, तो म्हणणारच की बटुग्रह म्हणजे लहान ग्रह, म्हणजे ग्रहच. त्याचे चूक नाही. 'श्वेत बटू' हा तारा असतो, खुद्द सूर्यालाही खगोलशास्त्रज्ञ बटुताऱ्यांत मोजतात. मग बटुग्रहच तेवढा ग्रह का नसावा? हा गोंधळ मूळ इंग्रजी शब्दातला आहे, आपण तो इमानाने उचलला. (बटू पुढे मोठा होतो, ही आणखी एक अडचण!) आपल्याकडे 'ग्रह' शब्दाने याहून मोठी स्थित्यंतरे पचवली आहेत. नवग्रहांत सूर्य होता, चंद्र होता, आणि राहू-केतू तर पिंडच नव्हेत, चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला छेदते ते दोन बिंदू.

म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात आम्ही असे सुचवतो. बुधापासून एरिसपर्यंत बारा-तेरा पिंडांची नावे लपवून फक्त वस्तुमान, व्यास, सूर्यापासूनचे अंतर आणि शेजारी कोण हे चार स्तंभ फळ्यावर लिहावेत, चंद्र आणि सेरेसही त्यात घालावेत, आणि गट पाडायला सांगावे. कोणी गोलाईवरून पाडेल, कोणी वस्तुमानावरून. १८०१ मध्ये सापडलेला सेरेस कित्येक दशके ग्रहांच्या यादीत होता आणि त्याच्या शेजारी एकामागून एक पिंड सापडू लागल्यावर काढला गेला, हे त्यानंतर सांगावे. मग एका गुणाच्या प्रश्नाला कोणी 'नऊ' लिहून खाली कारण दिले, तर तो गुण कापण्यापूर्वी ते कारण वाचावे लागेल.