पंधरा मिलिमीटरची काटछाट

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात ठासणीची बंदूक जुन्या माणसांना नवी नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी सरकवायची, गजाने ठासायचं, मग शिसं. सगळी कसोटी दारूच्या मापाची. नळी आखूड आणि दारू जास्त झाली, की उरलेली दारू नळीबाहेर येऊन हवेत जळते. जाळ मोठा, आवाज मोठा, गोळीला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. ठासणीवाल्याला हे माप हाताने राखता येत होतं. काडतूस आलं आणि माप कारखान्याकडे गेलं. पुंगळीत भरलेली दारू एका ठरावीक लांबीच्या नळीचा हिशेब धरून भरलेली असते. आता नळी कापली, तर काडतुसाला ते कोण सांगणार? कार्बाइन नावाच्या आखूड बंदुकीचा सगळा पेच एवढ्यातच आहे. आणि त्यावर पुण्यात शोधलेलं एक उत्तर मला एखाद्या नेमक्या बंदिशीसारखं वाटतं.

आधी जुनं उत्तर पाहू. कसाऱ्याच्या लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्याला स्टेशनातल्या बंदोबस्तात आडव्या मॅगझीनची काळी कार्बाइन कधी ना कधी दिसलेली असते. ही ब्रिटिश स्टर्लिंगची भारतीय आवृत्ती, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली. काडतूस ९×१९, म्हणजे गोळीचा व्यास ९ मिलिमीटर आणि पुंगळीची लांबी १९. काडतूस मुळात पिस्तुलाचं. दारू इतकी थोडी की १९८ मिलिमीटरच्या नळीत ती पुरती जळून जाते, वाया काही जात नाही. त्या अर्थाने स्टर्लिंगचा हिशेब चोख आहे. पण गोळी निघते सेकंदाला सुमारे ३९० मीटर वेगाने. ढोबळ गणित केलं तर १०० मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेपासून चाळीसएक सेंटिमीटर खाली येते. जाड, बोथट, संथ गोळी. चिलखती जाकीट घातलेल्या माणसापुढे तिचं फारसं चालत नाही.

मग कोणी म्हणेल, रायफलचंच काडतूस घ्या. ऊर्जेच्या तक्त्यात रायफल नेहमीच वरचढ असते. पण तक्ता किती फसवा असतो ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरच्या हल्ल्यात दिसलं. पोलिसांकडे होती .३०३, जिच्या गोळीत नळीतोंडाशी तीन हजारांहून अधिक ज्यूल ऊर्जा असते. हल्लेखोरांच्या एके रायफलींच्या गोळीत साधारण दोन हजार. तक्त्यात पोलीस जिंकले. प्लॅटफॉर्मवर मात्र प्रत्येक गोळीमागे बोल्ट मागे-पुढे ओढावा लागणारी लांबलचक बंदूक होती, आणि समोर चाप दाबून धरला की झडणारी.

आता ५.५६×४५ घेऊ. इन्सास रायफलचं हे काडतूस. गोळी जेमतेम ४ ग्रॅमची, पण ४६४ मिलिमीटरच्या नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. तिची सगळी करामत त्या वेगात आहे. वजनात काहीच नाही. हीच गोळी तीनशे मिलिमीटरच्या आसपासच्या नळीतून सोडली, तर वेग ८०० च्या घरात येतो. शंभरच गेले असं वाटेल, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने मोजतात, त्यामुळे पाचवा हिस्सा ऊर्जा गेली. ती गेली कुठे? नळीबाहेर. गोळीला नळीतून निघायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही; तेवढ्यात दारू आपलं काम उरकू शकली नाही, तर उरलेला दाब आणि न जळलेले कण झगझगीत जाळ होऊन तोंडाशी फुटतात. खोलीत किंवा रेल्वेच्या डब्यात त्या आवाजाने बार काढणाऱ्याच्याच कानठळ्या बसतात, आणि अंधारात त्याचे डोळेही दिपतात. ठासणीवाल्याने हे पाहून मान हलवली असती.

इथे एकेच्या ७.६२×३९ काडतुसाचं थोडं कौतुक केलं पाहिजे. नळीचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं. म्हणून ७.६२ ची नळी ५.५६ च्या नळीपेक्षा मिलिमीटरमागे जवळपास १.९ पट जागा देते. वायू लवकर पसरतो, दाब लवकर कामी येतो. नळी कापली तरी हे काडतूस तुलनेने कमी रडतं. अमेरिकनांनी .३०० ब्लॅकआउट बनवताना हाच रस्ता धरला: ५.५६ ची पुंगळी ३५ मिलिमीटरवर कापली आणि तोंडाशी ७.६२ ची जाड गोळी बसवली. हुशारीचं काम, पण जड गोळी वाहायची म्हणजे धक्का आला आणि वजनही आलं.

पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने, उलटी वाट धरली. व्यास ५.५६ च ठेवला आणि पुंगळी ४५ वरून ३० मिलिमीटरवर आणली. पंधरा मिलिमीटरची काटछाट! दारू कमी, गोळी हलकी, नळी सुमारे ३०० मिलिमीटर. म्हणजे नळीला काडतुसाशी जुळवून घ्यायला न सांगता काडतूसच नळीच्या मापाचं कातरलं. बेल्जियमचं ५.७×२८ आणि जर्मनीचं ४.६×३० ही याच कुळातली काडतुसं. जगभर पिस्तूल आणि रायफल यांच्या मधली जागा शोधण्याची खटपट चालूच होती. पण पुण्याच्या काडतुसाची खुमारी केवळ दारूच्या मापात नाही.

खरी गंमत पुढे आहे. रायफलचं ४५ चं काडतूस टोकापासून बुडापर्यंत ५७ मिलिमीटर भरतं. तेवढ्या रुंदीचं मॅगझीन मुठीत घालायचं म्हटलं, तर मूठ धरायला हात पुरणार नाही. म्हणून रायफलीत मॅगझीन मुठीच्या पुढे असतं आणि बंदुकीची लांबी वाढते. पुंगळी ३० ची झाल्याबरोबर मॅगझीन मुठीत मावलं. मॅगझीन मुठीत गेलं, म्हणून पुढची जागा सुटली. जागा सुटली, म्हणून नळी मागे सरकली. आणि नळी मागे सरकली, म्हणून ३०० मिलिमीटरची नळी असूनही दस्ता आत ढकलल्यावर अख्खी बंदूक साधारण ५५० मिलिमीटरमध्ये बसली. एका मापाची काटछाट केली आणि तिच्यामागून सगळा आराखडा गोळीबंद होत गेला. शिवाय वजन मुठीवर तोललं गेलं, त्यामुळे ती एका हाताने चालवता येते, आणि अंधारात मॅगझीन बदलताना एक हात दुसऱ्या हाताला आपसूक सापडतो. चांगल्या रचनेत एका निर्णयातून दहा सोयी आपोआप निघतात. वाईट रचनेत प्रत्येक सोयीसाठी वेगळा स्क्रू लागतो.

नावाच्या बाबतीत मात्र आनंद आहे. जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन! इतक्या नेटक्या वस्तूला करारनाम्यासारखं नाव द्यायला सरकारी खातंच पाहिजे. वजन सुमारे ३ किलो, मिनिटाला ७०० हून अधिक गोळ्या, परिणामकारक पल्ला १०० मीटरच्या वर. डिसेंबर २०२० मध्ये लष्कराच्या चाचण्यांचा अखेरचा टप्पा तिने पार केला. त्याआधीच गृहमंत्रालयाच्या चाचण्या झाल्या होत्या आणि केंद्रीय दलांनी व काही राज्यांच्या पोलिसांनी खरेदीची पावलं उचलली होती. बंदूक कानपूरची, काडतूस खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यातलं.

माझ्यासारख्या, कसाऱ्याच्या वाटेवरच्या खर्डीच्या माणसाला हा भूगोल रेल्वेच्या नकाशावर सहज दिसतो. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा कर्जत-लोणावळ्यावरून खडकीला जातो, तिथे ३० ची पुंगळी. दुसरा आमच्या दारावरून कसाऱ्याचा घाट चढून भुसावळकडे, आणि भुसावळपलीकडच्या वरणगावात ४५ ची पुंगळी भरणारा कारखाना. दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या एकाच सरकारी कंपनीत आहेत.

आणि लष्कराने अखेर कौल दिला तो वरणगावच्या बाजूने. २०२५ मध्ये सव्वाचार लाख कार्बाइनांच्या खरेदीत पुण्याच्या भारत फोर्जची बोली सर्वांत कमी ठरली; काडतूस ५.५६×४५. कारण उघड आहे. रायफलला एक, कार्बाइनला दुसरं काडतूस ठेवलं, तर सियाचीनपासून ईशान्येपर्यंत प्रत्येक खेचरावर दोन प्रकारच्या पेट्या लादाव्या लागतात, आणि ऐन वेळी शेजाऱ्याच्या मॅगझीनमधली गोळी आपल्या बंदुकीत जात नाही. जाळ आणि कानठळ्या सोसून एकच पुंगळी ठेवणं लष्कराला परवडतं. त्यात चूक काही नाही.

पण फलाटावर उभ्या असलेल्या पोलिसाला खेचराची चिंता नाही. त्याच्यापुढे शंभर मीटरच्या आत गर्दी आहे, वर पत्र्याचं छप्पर आहे, आणि हातातली बंदूक डब्याच्या दारातून वळली पाहिजे. त्याच्यासाठी माझं मत ३० मिलिमीटरच्या पुंगळीलाच. स्टर्लिंग निवृत्त करताना राज्याच्या पोलिसांनी लष्कराकडे बघून ४५ मागू नये, खडकीकडे बघावं. आणि यात कोणाचा मान-अपमान होण्याचंही कारण नाही: भारत फोर्जच्या कार्बाइनचा आराखडाही पाषाणच्या त्याच एआरडीईचा आहे.