जिन्यात वाचलेलं 'एकच प्याला'

गेल्या पावसाळ्यात मी 'एकच प्याला' एका शाळेच्या जिन्यात बसून फोनवर वाचलं. वर सातवीच्या वर्गात मीटिंग चालू होती, दादा आत होता आणि मला आत जायला मनाई होती.

ती जागा सापडायलाच तीन आठवडे गेले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या त्या मीटिंगला बाहेर पाटीसुद्धा नव्हती. मॅपवरची पिन एका कुलूपबंद हॉलपाशी घेऊन गेली. गट तिथून कधीच हलला होता. शेवटी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या काकांनी नाव विचारलं नाही. "स्वतःसाठी की घरच्या कुणासाठी?" एवढंच विचारलं आणि वार, वेळ, जिना कुठून चढायचा ते सांगितलं. खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतं, बंद मीटिंगला मात्र ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच, हेही त्यांच्याकडूनच कळलं. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव नाही. खुल्या मीटिंगला मी एकदा बसलो. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, त्यामुळे ते इथे येणार नाही.

मंगळवारची मीटिंग बंद. म्हणून जिना, आणि म्हणून गडकरी.

१९१९ साली, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं. भाषा जड आहे, स्वगतं संपता संपत नाहीत, आणि सिंधूचा सोशिकपणा वाचून आज चिडायला होतं. पण जिन्यात बसून वाचताना मला भलतंच काहीतरी दिसलं. या नाटकात पिण्यासाठी मंडळ आहे, सोडण्यासाठी नाही.

तळीरामचं आर्य मदिरामंडळ आठवा. शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीत. येईल त्याचं स्वागत, कालच्या लाजिरवाण्या गोष्टीची चौकशी नाही. गडकऱ्यांनी हे हसवायला लिहिलं आणि हसू अजूनही येतं. पण वकिलीची सनद गेल्यावर सुधाकर तिकडे ओढला जातो, तो नुसत्या दारूसाठी नाही. अपमान गिळून आलेल्या माणसाला 'ये, बस' म्हणणारी तेवढी एकच जागा त्याच्यासमोर असते.

सोडताना त्याच्यापाशी काय असतं? शपथ. ती घेऊन तो कामासाठी जुन्या मित्रांच्या दारी जातो, तिथे पुन्हा अपमान होतो आणि शपथ मोडते. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात: सगळा भार एकाच खिळ्यावर. (रोज पिणाऱ्याने एका रात्रीत बंद करणं जिवावरही बेतू शकतं, फिट्स येतात, भ्रम होतो. म्हणून दादाला आधी डॉक्टरकडे नेलं, मीटिंग नंतर.)

१९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून काही महिने झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, एका बाजूला बार. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. मागणी एकच: बोलायला दुसरा दारुडा हवा. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटला आणि ही संस्था सुरू झाली. सुधाकर अपमान होऊन परतला, तेव्हा त्याला असा फिरवायला एकही नंबर नव्हता.

गडकऱ्यांना हे कुठून माहीत असणार, असं म्हणाल. कबूल. पण उत्तर त्यांच्याच नाटकात पडलेलं आहे. भगीरथही पिणाराच, रामलाल त्याला बाहेर काढतो, सोबत ठेवतो, कामाला लावतो. तो सुटतो. एकदा लागलेली दारू सुटतच नाही, हा सुधाकरचा सिद्धांत आपण इतकी वर्षं नाटकाचा सिद्धांत समजत आलो. तो एका बुडणाऱ्या माणसाचा युक्तिवाद आहे, आणि भगीरथ त्याला खोटं ठरवतो. गडकऱ्यांनी त्याला उपकथानकात ठेवलं, कारण शोकांतिकेला सुधाकर हवा होता. मला नाटकाचं हेच सगळ्यात दुबळं अंग वाटतं.

मीटिंगचंही सगळं पटतं असं नाही. बारा पायऱ्यांमधला देव दादाला पचत नाही. प्रार्थनेच्या वेळी तो खिडकीबाहेर बघतो म्हणे. पण २०२० च्या कोक्रेन समीक्षेत २७ अभ्यास तपासले होते, आणि पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचा, बऱ्याचदा सरसही ठरला होता. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तिथला चहा बरा असतो."

सिंधूसाठी तर कुठेच काही नाही. कुटुंबीयांचं अल-अनॉन १९५१ चं, पुण्यातलं मुक्तांगण १९८६ चं. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. तिने एकदा तरी कुणासमोर मोठ्याने चिडावं, असं मला पाचही अंक वाटत राहिलं. वहिनी अजून कुठेच गेलेली नाही. तिला नंबर दिलाय. तो तिने फ्रीजवर, दुधाच्या हिशोबाखाली लावलाय.

चौथ्या मंगळवारी दादा म्हणाला, "तू येऊ नकोस आता, मला रस्ता माहितीये." मी तरीही गेलो. शेवटचा अंक राहिला होता, असं त्याला सांगितलं.