कुणाच्या कॉलेजचं हे अक्षर?

बेंगळुरूत सध्या 'व्हिंटेज कॉलेज' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बहुतेक जुनंही नाही आणि कॉलेजचंही नाही. गेल्या हिवाळ्यात इंदिरानगरातल्या एका दुकानात असाच एक स्वेटशर्ट हातात घेतला आणि यावर लिहायलाच हवं असं वाटलं. छातीवर एका नौकानयन क्लबचं नाव, खाली स्थापनेचं साल १९५२. नाव बनवलेलं, साल बनवलेलं, अक्षरांवरच्या भेगासुद्धा बनवलेल्या. छपाईत 'क्रॅक पेस्ट' वापरली की कापड ताणताच अक्षरांना तडे जातात. कित्येक धुण्यांचं वय एका दुपारी चढवता येतं. गळ्याखालचा त्रिकोण पाहिला. जुन्या स्वेटशर्टात तिथे रिबचा तुकडा खरोखर जोडलेला असे, घाम टिपायला आणि गळा ताणून फाटू नये म्हणून. इथे कापड अखंड होतं आणि त्यावर शिलाईने नुसता व्ही काढलेला होता. कामाची वस्तू जाऊन तिचं चित्र उरलं होतं. या शहरातल्या नव्या पेहरावाबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते.

चर्च स्ट्रीटच्या आसपास भरणाऱ्या पॉप-अप बाजारांत हाच माल मांडलेला दिसतो. 'थ्रिफ्ट' म्हणून विकले जाणारे खरे जुने अमेरिकन स्वेटशर्ट त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण निदान कुणीतरी ते अंगावर वागवलेले असतात. परदेशी जुन्या कपड्यांच्या गासड्या कांडल्याच्या सेझमध्ये उतरतात, तिथे त्यांची वर्गवारी होते. लोकरीचा बराच माल पानिपतला जाऊन पिंजला जातो आणि त्याचं पुन्हा सूत होतं. या प्रवाहातून निसटलेला एखादा शर्ट इथवर पोचतो तेव्हा त्याच्यामागे केवढी तरी हकिकत असते. विकणारा ती सांगत नाही, घेणारा विचारत नाही. कॉलेजी पेहरावाच्या इतर लाटांपैकी 'डार्क अकॅडेमिया' ही फोटो काढण्याची शैली आहे, पेहरावाची नव्हे. 'ओल्ड मनी'वर शाई खर्चायची माझी तयारी नाही. मराठीत 'दुनियादारी' चित्रपटानंतर गॅदरिंगला बेलबॉटमची जी लाट आली तीही मी फॅन्सी ड्रेसमध्येच धरतो.

मुळात छातीवरचं अक्षर कमवावं लागे. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये शर्टावर 'एच' लावला, आणि पुढे रीत अशी पडली की मोठ्या सामन्यांत खेळलेल्यानेच तो ठेवून घ्यायचा, बाकीच्यांनी परत करायचा. आपल्यापैकी अनेकांना हे अक्षर पहिल्यांदा दिसलं ते आर्ची कॉमिक्समधल्या आर्चीच्या स्वेटरवर, म्हणून ती शोभेची वस्तू वाटली. पण आपल्याकडे त्याच तोलामोलाची वस्तू होती आणि आहे: विद्यापीठाचा कलर कोट. खिशावर जरीने भरलेलं बोधचिन्ह. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळल्याशिवाय तो मिळत नाही. खो-खोचा किंवा कबड्डीचा कलर कोट मिळवलेली मुलं भर मे महिन्यात गावातल्या लग्नाला तो घालून जात आणि त्यांना कुणी हसत नसे, कारण त्या कोटासाठी काय करावं लागतं हे गावाला ठाऊक असे. बेंगळुरूत तर ब्लेझर घालायला मे टाळण्याचीही फारशी गरज नाही. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. आणि इथल्या शिक्षणसंस्था जुन्या आहेत: बिशप कॉटन शाळा १८६५ ची, बाल्डविन १८८० ची, सेंट जोसेफ्स कॉलेज १८८२ चं, सेंट्रल कॉलेजची मुळं १८५८ पर्यंत जातात. जुन्या ब्लेझरांचा एवढा साठा ज्या शहराच्या कपाटांत पडून आहे, तिथल्या डिझायनरला मॅसॅच्युसेट्समधला नौकानयन क्लब कल्पावा लागतो!

आता ज्या कामाने मला उभारी दिली त्याकडे येतो. हे काम करणारे थोडे आहेत, त्यांचं दुकान नाही, बहुतेकांनी विक्रीही सुरू केलेली नाही. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली ही मुलं घरातले जुने ब्लेझर, एनसीसीचे स्वेटर, थोरल्या भावंडांचे ट्रॅकसूट काढतात, उसवतात, पुन्हा शिवून घेतात. बसवनगुडीत पाहिलेला एक कोट सांगतो. वडिलांचा निळा लोकरी ब्लेझर मुलीने स्वतःच्या मापाला आणला होता आणि छातीवर नॅशनल कॉलेजसाठी कन्नड लिपीतला 'न्या' भरून घेतला होता. बाजारातल्या जॅकेटांवर फेल्टचं अक्षर डिंकाने चिकटवलेलं असतं. हे अक्षर शिवाजीनगरातल्या एका आरीवाल्याने हाताने केलं होतं. तो एरवी लग्नाच्या ब्लाउजांच्या बाह्या भरतो. त्याने आधी नेहमीसारखी साखळी भरून दाखवली; अक्षर सपाट आलं. मग तिने शेनीलचा, म्हणजे लोकरीच्या उभ्या वेढ्यांनी भरलेल्या अक्षराचा, नमुना पुढे ठेवला, तेव्हा त्याने आरीच्या टोकाने लोकरीचा वेढा वर ओढून तसाच सैल सोडायला सुरुवात केली. वेढ्याला वेढा लागून अक्षर मखमलीसारखं उभं राहिलं. बोट फिरवलं की दाबलं जातं आणि परत उठतं. तिने पैसे नगावर नव्हे, दिवसांवर मोजले. कोट निर्दोष नाही. खांदे सैल आहेत, अस्तराला सुरकुत्या पडतात. तरी या हंगामात मी पाहिलेलं ते सर्वांत चांगलं वस्त्र आहे.

आणि त्या आरीवाल्याने काही परकं केलं असंही नाही. आरीची साखळी अठराव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपात गेली, तिथे ती टॅम्बूर म्हणून रुजली. एकोणिसाव्या शतकात बोनाझ आणि मग कॉर्नेली या नावांनी ओळखली जाणारी यंत्रं तोच टाका घालू लागली, आणि अमेरिकन जॅकेटावरची शेनीलची अक्षरं अशाच यंत्रांवर भरली गेली. म्हणजे ज्या टाक्याची आपण आयात करतो तो आपल्याच गल्लीत बसलेला आहे. मद्रास चेक्सचं तेच. अमेरिकन कॉलेजातल्या पोरांनी उन्हाळी कोटासाठी डोक्यावर घेतलेलं हे हातमागाचं कापड धुतल्यावर रंग सोडतं म्हणून १९५८ च्या सुमारास तिकडे बोंब झाली, आणि मग 'रंग सोडण्याची हमी' अशीच त्याची जाहिरात झाली. येल विद्यापीठाचं नाव तर एलिहू येलचं. हा गृहस्थ १६८७ ते १६९२ मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. त्याने पाठवलेल्या मालाच्या गासड्या विकून कॉलेजला पैसा मिळाला आणि १७१८ मध्ये त्याचं नाव लागलं. ब्रिगेड रोडवर येलचा बनावट स्वेटशर्ट विकत घेणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नाही. सांगणं हे डिझायनरचं काम आहे, असं मी मानतो.

नक्कल करूच नये असं माझं म्हणणं नाही. जपान्यांनी नक्कलच केली. पण केन्सुके इशिझूच्या 'व्हॅन' या कपड्यांच्या कंपनीची माणसं कॅमेरे घेऊन अमेरिकन कॉलेजांत गेली, मुलं प्रत्यक्षात काय घालतात ते टिपलं, आणि १९६५ मध्ये 'टेक आयव्ही' हे पुस्तक निघालं. पुढे अमेरिकनांनीच ते धुंडाळून वाचलं. त्याआधीच्याच वर्षी ऑलिंपिकच्या तोंडावर टोकियोच्या गिंझामध्ये हे कपडे घालून फिरणाऱ्या पोरांची पोलिसांनी धरपकड केली होती. त्या नकलेत अभ्यास होता, जोखीमही होती. आपल्या नकलेत दोन्ही नाहीत.

जोखमीवरून सांगतो, कारण कॉलेजचा पेहराव म्हणजे कॉलेजात कुणाला शिरता आलं याची नोंद असते. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधलं १८८५ चं आनंदीबाई जोशींचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं आहे: शेजारी किमोनोतली जपानी केई ओकामी, सिरियन पोशाखातली सबात इस्लामबुली, आणि साडीतल्या आनंदीबाई. कॉलेजच्या पेहरावाचं याहून मोठं चित्र मला माहीत नाही. बेंगळुरूत १९३३ मध्ये कमला भागवत, पुढच्या सोहोनी, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या तेव्हा संचालक रामन यांनी बाई म्हणून आधी नकार दिला आणि मग वर्षभराच्या अटीवर घेतलं. ती अट निभावून त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मुलींनी कॉलेजात काय घालून यावं यावर २०२२ मध्ये याच शहरातल्या उच्च न्यायालयात युक्तिवाद झाले. ज्या गावात हे घडतं, तिथल्या फॅशनने फक्त कल्पित नौकानयनपटूंविषयी बोलावं हे मला सहन होत नाही.

आणि नॅशनल कॉलेजचे एच. नरसिंहय्या. अमेरिकेच्या ओहायो स्टेट विद्यापीठातून अणुभौतिकीत डॉक्टरेट घेऊन परतलेला हा माणूस प्राचार्य झाला, बेंगळुरू विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आयुष्य कॉलेजच्या वसतिगृहात काढलं आणि अखेरपर्यंत खादी आणि गांधी टोपीत राहिला. अमेरिकन कॉलेजचं नाव छातीवर लावायचा हक्क त्याने कमावलेला होता आणि त्याला त्याची गरज भासली नाही. आपल्याकडच्या झब्बा-शबनमच्या पिढीची चेष्टा पुष्कळ झाली; पण पुरुषोत्तम करंडक नाट्यस्पर्धेच्या तालमीला जाणाऱ्या त्या पोरांच्या शबनममध्ये संहिता असायची, आणि पेहराव कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून माझी मागणी कॉलेजांकडे आहे, ब्रँडांकडे नाही. आपलं बोधचिन्ह माजी विद्यार्थ्यांच्या कॉफी मगांवर छापणं थांबवा. दरवर्षी थोडी अक्षरं आरीवर भरून घ्या, भरणाऱ्याचं नाव अस्तराच्या पट्टीवर शिवा आणि त्याला दिवसाची मजुरी द्या. ती अक्षरं खेळाडूंना द्याच. पण ज्यांनी भित्तिपत्रक चालवलं, नाटक बसवलं, धाकट्यांना गणित शिकवलं त्यांनाही द्या. प्रयोगशाळेत उभी हयात काढून निवृत्त होणाऱ्या शिपायाला द्या. कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या नामदेव शिंपी आणि भावसार कुटुंबांत शिवण आणि रंगाई अजून जाणणारे आहेत, आणि त्यांची मराठी तुम्हाआम्हाला कळते. त्यांच्याकडे कोट शिवायला टाका. आणि हे अक्षर कुठल्याही किमतीला दुकानात ठेवू नका.