दोनशे शब्दांतला प्रतिवाद

वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून येणारं दीड-दोनशे शब्दांचं पत्र हा मराठीतला एक पक्क्या घडणीचा गद्यप्रकार आहे. त्याचे उत्तम कारागीर मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरीच्या सोसायट्यांमधून राहतात आणि त्यांची समीक्षा कुणी करत नाही. म्हणून एक पत्र समोर घेऊन ते सावकाश वाचावंसं वाटतं.

संदर्भ असा. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तरी गाठलेल्या सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतलं वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कवच खुलं झालं. दिल्ली आणि पश्चिम बंगाल तेव्हा योजनेत नव्हते. तिथल्या ज्येष्ठांची पंतप्रधानांनी त्याच कार्यक्रमात माफी मागितली आणि स्तंभलेखकांना विषय मिळाला. केंद्र की राज्य, कल्याण की मतांची बेगमी, यावर रकाने भरले. अशाच एका लेखाला घाटकोपर (पूर्व) इथल्या वाचकाने दिलेलं उत्तर मी कापून ठेवलं आहे.

पहिलं वाक्य रिवाजाचं आहे: लेखाचं शीर्षक, तारीख, ‘वाचला’. कस लागतो तो दुसऱ्या वाक्यात. बहुतेक पत्रं इथे लेखकाची पाठ थोपटतात किंवा त्याच्यावर तुटून पडतात. या पत्रलेखकाने दोन्ही टाळलं आहे. श्रेय कुणाचं हा अख्ख्या लेखाचा वाद त्याने अर्ध्या वाक्यात बाजूला ठेवला आणि लेखातलं एकच विधान उचललं: या योजनेच्या कार्डामुळे म्हातारपणीच्या आजारपणाची चिंता मिटली, हे. हजार-बाराशे शब्दांच्या लेखातून नेमकं हे विधान हेरायचं, तर लेख निदान दोनदा तरी वाचावा लागतो. ही निवड पाहूनच मी दाद दिली.

त्यानंतर येते ती कबुली. स्तंभलेखकाने राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतला आकडा दिला होता. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. पत्रलेखक हा आकडा मान्य करतो. खोडून काढण्याचा प्रयत्नही करत नाही, उलट घट मोठी आहे असं म्हणतो. आणि मग विचारतो, की उरलेल्या ३९.४ मध्ये काय आहे? प्रतिपक्षाचाच आकडा हातात घेऊन त्याची दुसरी बाजू दाखवायची, ही वादशास्त्रातली जुनी रीत आहे. इथे ती इतकी सहज आली आहे, की रीत म्हणून ती जाणवतच नाही.

पत्राचा गाभा पुढे आहे. योजनेचा नियम असा, की रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे उपचार, दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा खर्च कवचात बसतो. बाह्यरुग्ण विभागातली रोजची तपासणी आणि औषधं त्यात नाहीत. एखाद्याने इथे धोरणावर व्याख्यान दिलं असतं. घाटकोपरचे हे गृहस्थ फक्त सोळाव्या दिवसाबद्दल लिहितात. सोळाव्या दिवशी रक्तदाबाची गोळी घ्यावी लागतेच, सतराव्या दिवशीही, आणि ती स्टेशनजवळच्या केमिस्टकडून विकत आणावी लागते. ‘सोळावा दिवस’ ही कल्पना नियमाच्या भाषेतूनच निघाली आहे. तिला वेगळा अलंकार लागत नाही. अख्ख्या लेखाने जे पाहिलं नव्हतं, ते तिने दाखवलं.

आणि मग ते वाक्य, ज्याच्यासाठी मी कात्रण जपलं. काउंटरवर म्हातारी माणसं दहा गोळ्यांची पट्टी मागत नाहीत, पाचच मागतात. केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो, आणि औषध कधीपर्यंत चालेल ती तारीख दुसऱ्या अर्ध्या भागावर राहून जाते. ‘बिचारे’ नाही, ‘दयनीय’ नाही, एकही विशेषण नाही. त्या काउंटरवर उभं राहून ज्याने नीट पाहिलं आहे, त्यालाच तारखेचं सुचेल. मी हे वाक्य कितीदा तरी वाचलं आहे, आणि दरवेळी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांविषयीचा आदर वाढला आहे.

या प्रकारात आणखी एक हात अदृश्यपणे काम करत असतो, तो उपसंपादकाचा. मथळा त्याचा, काटछाटही त्याची. जागा कमी पडली की पत्राचा शेवट जातो, हे मुरलेल्या पत्रलेखकाला ठाऊक असतं. म्हणून या पत्रात निष्कर्षाचा परिच्छेद नाही. पट्टीच्या वाक्यानंतर स्तंभलेखकाला एक प्रश्न, आणि संपलं.

खाली नाव आणि ‘घाटकोपर (पूर्व)’. गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने; ते सरकारी नोकरीत होते. आजच्या पत्राला खरं नाव आणि गाव लागतं, आणि उपनगरात हे गाव पुराव्याचं काम करतं. घाटकोपर पूर्व म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे राजावाडी रुग्णालय येतं, बोरिवली म्हटलं की भगवती, अंधेरीला कूपर, मुलुंडला अगरवाल. केसपेपरची खिडकी कुठली, हे न सांगता कळतं.

मुलुंडचंच एक पत्र आठवतं, अगदी वेगळ्या घडणीचं. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढावा असं सुचवलं. त्यावर मंत्रिमंडळातले मतभेद, जीएसटी परिषदेचं राजकारण असे लेख आले. मुलुंडच्या पत्रात एक हिशेब होता: हप्ता ४०,००० रुपये, त्यावर कर ७,२०० रुपये. पुढे फक्त पत्नीचं वय. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. ते पत्र मात्र त्या हिशेबाच्या संयमासाठी आजही वाचावं असं आहे. संतापाला त्यात जागाच ठेवलेली नाही, आणि तरी तो पोचतो.

घाटकोपरच्या पत्राला पुरवणी आली ती बोरिवलीहून, त्याच आठवड्यात. खाजगी विमा असलेल्यांना हे कार्ड मिळत नाही, असं घाटकोपरकरांनी ओघात म्हटलं होतं. बोरिवलीच्या बाईंनी आधी सोळाव्या दिवसाबद्दल त्यांचे आभार मानले. मग लिहिलं, की खाजगी विमा किंवा ईएसआयसी असलेल्या ज्येष्ठांनाही कार्ड काढता येतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावं लागतं. चार ओळी. दुरुस्ती मागे आणि आभार पुढे, हा त्यांचा क्रम मला फार आवडला, आणि तेही कात्रण मी पहिल्यालाच टाचून ठेवलं आहे.