नववसाहतवाद आणि करारावरील सही : एन्क्रुमा यांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन

सैन्य न पाठविता परक्या देशावर सत्ता कशी गाजविली जाते, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार क्वामे एन्क्रुमा यांनी 'निओकलोनिॲलिझम : द लास्ट स्टेज ऑफ इम्पीरिॲलिझम' (१९६५) या ग्रंथात केला आहे. १९५७ मध्ये स्वतंत्र झालेल्या घानाच्या विद्यमान अध्यक्षानेच तो लिहावा, हे त्याचे वेगळेपण होय. ध्वज व संसद स्वदेशी असली, तरी भांडवल, कर्ज, खाणी आणि कच्च्या मालाचे भाव परकीयांच्या हाती असतील तर स्वातंत्र्य नाममात्र ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आफ्रिकेतील खाणकंपन्यांच्या परस्पर हितसंबंधांची त्यांनी केलेली तपशीलवार उकल हे या ग्रंथाचे खरे सामर्थ्य आहे.

तथापि या विवेचनाचा मुख्य भर बाह्य सत्तेवर आहे. त्याची मर्यादा एन्क्रुमा यांच्याच कारकिर्दीतील अकोसोम्बो धरणाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. व्होल्टा नदीवरील या धरणासाठी घानाने स्वतःचा पैसा ओतला. शिवाय जागतिक बँक, अमेरिका व ब्रिटन यांच्याकडून कर्ज घेतले. कर्जफेडीसाठी विजेला खात्रीचे मोठे गिऱ्हाईक हवे होते. ते अमेरिकन कंपन्यांच्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या रूपाने मिळाले; परंतु त्यासाठी दीर्घ मुदतीचा अत्यल्प वीजदर मान्य करावा लागला. घानात बॉक्साइट असूनही कारखान्यासाठी ॲल्युमिना परदेशातून येई. त्यामुळे देशी खनिजावर आधारित उद्योगाचे स्वप्न अपुरेच राहिले.

या कराराने ग्रंथातील सिद्धान्ताला पुष्टी मिळते, हे खरे. मात्र त्यावर सही घानाच्याच शासनाची होती. गरजू राष्ट्राची सौदाशक्ती कमी असते, हे मान्य केले तरी अशा कराराची चिकित्सा देशात कोणी करावयाची, हा प्रश्न उरतोच. १९५८ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने आणि १९६४ मधील एकपक्षीय राजवटीने ती चिकित्सा करणारा विरोधी आवाजच क्षीण केला होता. जानेवारी १९६६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. २४ फेब्रुवारीस लष्कर व पोलिसांनी एन्क्रुमा यांची सत्ता उलथविली.

आर्थिक वर्चस्व हे लष्करी विजयाचा पर्याय ठरते, कारण त्याला जिंकलेल्यांची संमती मिळवावी लागते आणि ती मिळतेही. ही संमती कोण देतो व तिची तपासणी कोण करतो, याचे पुरेसे विवेचन ग्रंथात आढळत नाही. परकीय कर्जाच्या आजच्या चर्चेत हा ग्रंथ वाचताना ही उणीव अभ्यासकांनी भरून काढणे आवश्यक आहे.