हॅलिसिन ते अबॉसिन : संगणकीय औषधशोधाच्या दाव्यांची समीक्षा

‘अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमॅनी’ हा अतिदक्षता विभागांत ठाण मांडून बसणारा जिवाणू. कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकांनाही तो जुमानत नसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्याच्या प्रतिरोधी प्रकारांना अग्रक्रमाच्या सर्वांत गंभीर श्रेणीत स्थान दिले. या पार्श्वभूमीवर २०२० साली ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या हॅलिसिनविषयक संशोधनाचे स्वागत होणे स्वाभाविक होते. तथापि ‘यंत्राने नवे प्रतिजैविक शोधले’ ही त्याची रूढ झालेली मांडणी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जेम्स कॉलिन्स व रेजिना बार्झिले यांच्या गटाने २,३३५ रेणूंचा ‘ई. कोलाय’च्या वाढीवरील परिणाम प्रयोगशाळेत नोंदवून त्यावर संगणकीय प्रारूप प्रशिक्षित केले. या प्रारूपाने सुमारे सहा हजार औषधी रेणूंच्या संग्रहातून वरच्या क्रमांकावर निवडलेल्या ९९ रेणूंपैकी ५१ प्रत्यक्ष प्रयोगात परिणामकारक ठरले. हे यश निर्विवाद मोठे आहे. मात्र हॅलिसिन हा रेणू पूर्वी मधुमेहासाठी अभ्यासला गेला होता. यंत्राने तो घडविला नाही, वेचला. ज्ञात प्रतिजैविकांपैकी त्याला सर्वांत जवळचे मेट्रोनिडॅझोल. हे साम्य अल्प असले, तरी नायट्रो गट दोहोंत आहे. शिवाय ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ या रुग्णालयातील दुसऱ्या चिवट जिवाणूवर हॅलिसिनची मात्रा चालली नाही.

२०२३ साली मॅकमास्टर विद्यापीठातील जोनाथन स्टोक्स व सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅसिनेटोबॅक्टर’वरच सुमारे साडेसात हजार रेणू तपासून प्रारूप घडविले, हा पद्धतीतील महत्त्वाचा बदल होय. ६,६८० रेणूंतून २४० निवडून तपासले गेले, त्यांतील नऊ उरले आणि त्यांपैकी एक म्हणजे अबॉसिन. त्याचा प्रभाव याच जिवाणूपुरता मर्यादित असल्याने शरीरातील उपकारक जिवाणूंची हानी टळण्याची शक्यता आहे. परंतु लिपोप्रथिनांच्या वहनातील लोल-ई या प्रथिनाशी त्याचा असलेला संबंध प्रतिरोधी उत्परिवर्ती जिवाणू वाढवूनच हाती लागला. प्रारूपाला ठाऊक होते ते एवढेच, की रेणूमुळे वाढ खुंटते किंवा खुंटत नाही.

नेमकी येथेच या संशोधनाची मर्यादा दिसते. या जिवाणूविरुद्ध दोन्ही रेणूंची उंदरांवरील परीक्षा त्वचेवरील जखमेत झाली. अतिदक्षता विभागातील रुग्ण मात्र दगावतात ते कृत्रिम श्वसनयंत्रावर असताना जडलेल्या न्यूमोनियाने वा रक्तात पसरलेल्या संसर्गाने. जखमेवर लावलेले औषध फुप्फुसात पुरेशा प्रमाणात पोहोचेल काय व तेथे ते निर्धोक राहील काय, या प्रश्नांची उत्तरे जखमेवरील प्रयोगांतून मिळणारी नाहीत.